दुसऱ्या हेन्रीचा पट: बाराव्या शतकातला राजा हिशेब कसा घ्यायचा

नमस्कार! इंग्लंडचा दुसरा हेन्री म्हटलं की आर्चबिशप बेकेटचा खून आठवतो. आज तो बाजूला ठेवू. हा राजा राज्य कसं चालवत होता ते बघायचं, तर एका टेबलाशी जाऊन बसायला हवं.

हेन्रीचा राज्याभिषेक १९ डिसेंबर ११५४ चा. वय २१. आधीच्या यादवीत वसुलीची घडी पार विस्कटलेली. आजोबांच्या काळातलं एक्सचेकर, म्हणजे हिशेब तपासणारं खातं, पुन्हा उभं करायला त्याने ईलीचा बिशप नायजेल याला बोलावलं. नायजेलचा मुलगा रिचर्ड फिट्झनील पुढे खजिनदार झाला आणि त्याने सगळी रीत लिहून ठेवली. आपल्याला मापांसकट सांगता येतं ते त्याच्यामुळे.

(पडद्यावर: टेबलाचं चित्र)

टेबल १० फूट लांब, ५ फूट रुंद. हिशेबासाठी मांडायच्या सोंगट्या घरंगळू नयेत म्हणून कडेला चार बोटं उंच काठ. वर काळं कापड, त्यावर साधारण वीत-वीत अंतरावर रेघा. बुद्धिबळाच्या पटासारखं दिसतं, आणि एक्सचेकर हे नावही त्या पटावरूनच आलं. उजवीकडून पहिलं घर पेनीचं, मग शिलिंग, पौंड, वीस-वीस पौंड, शंभर, हजार. १२ पेनींचा शिलिंग, २० शिलिंगांचा पौंड.

रोमन आकड्यांत बेरीज-वजाबाकी करणं म्हणजे छळ. पटावर मात्र रिकामं घर शून्याचं काम करतं, आणि अक्षरओळख नसलेल्या शेरीफलाही, म्हणजे काउंटीतली (जिल्ह्यातली) वसुली करणाऱ्या राजाच्या अधिकाऱ्यालाही, आपला हिशेब डोळ्यांनी दिसतो. मला या व्यवस्थेतली सर्वात मोलाची गोष्ट हीच वाटते.

आता समजा, एका काउंटीचा वर्षाचा मक्ता, म्हणजे शेरीफने राजाला भरायची ठरलेली रक्कम, १८६ पौंड, ७ शिलिंग, ४ पेनी. वरच्या ओळीत मांडा: शंभराच्या घरात १ सोंगटी, विसाच्या घरात ४, पौंडात ६, शिलिंगात ७, पेनीत ४. खालच्या ओळीत जमा. ईस्टरला ९० पौंड भरलेत. त्याचा पुरावा काय? टॅली, म्हणजे खाचा पाडलेली लाकडी कांडी. हजार पौंडांना तळहाताच्या जाडीएवढी खाच, शंभराला अंगठ्याएवढी, विसाला करंगळीएवढी, एका पौंडाला टपोऱ्या जवाच्या दाण्याएवढी. शिलिंगची खाच त्याहून बारीक, आणि पेनीला लाकूड न काढता नुसती चीर. मग कांडी उभी चिरायची. एक भाग शेरीफकडे, दुसरा खजिन्यात. कुणी मागाहून आपल्या भागावर खाच वाढवली, तर दोन तुकडे जुळवताक्षणी चोरी उघडी पडते.

मायकेलमसला, म्हणजे सप्टेंबरअखेरच्या सणाला, शेरीफ आणखी ६० पौंड रोख आणतो. त्याशिवाय राजाच्या लेखी हुकमावरून ३० पौंड किल्ल्याच्या डागडुजीला गेलेत. हुकूम दाखवला तरच ते वजा होतात. जमा १८०. बाकी ६ पौंड, ७ शिलिंग, ४ पेनी.

पण थांबा. नाण्यांत हीण असेल तर? बऱ्याच काउंट्यांचा मक्ता शुद्ध चांदीच्या हिशेबाने ठरलेला असे. तिथे ढिगातून ४४ शिलिंग, म्हणजे ५२८ पेनी, बाजूला काढून पिशवीला मोहोर लावत. त्यातल्या २४० पेनी शेरीफच्या डोळ्यांदेखत भट्टीत वितळवायच्या आणि उरलेली चांदी तोलायची. १२ पेनींची घट आली, तर प्रत्येक पौंडामागे १२ पेनींचा बट्टा. ६० पौंडांचे झाले ५७! ईस्टरचा भरणा चोख धरला, तरी आता बाकी ९ पौंड, ७ शिलिंग, ४ पेनी. निकाल पटला नाही, तर शेरीफ दुसऱ्यांदा कस लावायला सांगू शकत असे.

शेवटी खजिनदार तोंडी सांगतो आणि लेखनिक मेंढीच्या कातड्यावर लिहितो. मेंढीचंच का? त्यावर खाडाखोड केली की लगेच दिसते. बाकी असेल तर ‘देबेत’, म्हणजे देणं आहे, आणि ते पुढच्या वर्षी पुन्हा पटावर येतं. सगळं चुकतं झालं तर ‘क्विएतुस एस्त’, म्हणजे सुटला. या गुंडाळ्या ११५५-५६ पासून जवळजवळ सलग टिकल्या आहेत.

एवढा चोख पट, तरी त्यात एक मोठं भोक होतं. राजाकडे किती आलं ते इथे कळे. रयतेकडून किती उकळलं ते कळत नसे. मक्ता ठरलेला, वरची कमाई शेरीफची, मग पिळवणूक होणारच. हेन्री ११६६ पासून चार वर्षं फ्रान्सकडच्या मुलखात होता, तेवढ्यात तक्रारी साचल्या. ११७० च्या वसंतात परतताच त्याने गावोगाव शपथेवर चौकशी लावली: कुणाकडून किती घेतलं, कोणत्या कारणाने घेतलं? त्या वर्षी बहुतेक शेरीफांची गच्छंती झाली. त्यांच्या जागी बऱ्याच ठिकाणी नेमली गेली ती याच पटाशी बसून हिशेब घेतलेली माणसं.