ओसाड कुलधरा आणि तिथले पाणी

श्रोतेहो, नमस्कार.

जैसलमेर शहरापासून सुमारे १८ किलोमीटरवर कुलधरा नावाचे ओसाड गाव आहे. सरळ रस्ते, मधोमध मंदिर आणि दुतर्फा छत कोसळलेल्या पिवळसर दगडी घरांच्या रांगा असे त्याचे आजचे रूप आहे. एकोणिसाव्या शतकात उजाड झालेले हे गाव आता संरक्षित वारसास्थळ म्हणून जपले जाते. मात्र तिथे जाणारे बहुतेक पर्यटक भुताच्या शोधात असतात.

कथा आपण ऐकली असेल. जैसलमेरचा दिवाण सालमसिंह याची वाईट नजर गावातल्या एका मुलीवर पडली, तेव्हा ८४ गावांतील पालीवाल ब्राह्मण एका रात्रीत घरे सोडून निघून गेले आणि जाताना गावाला शाप देऊन गेले. एवढी माणसे, गुरेढोरे आणि धान्य एका रात्रीत वाळवंटातून कशी हलली, हे मात्र सांगणाऱ्याला कुणी विचारत नाही! दिवाणाची जुलमी करवसुली खरी होती. त्याच काळात राजस्थानात वावरलेल्या ब्रिटिश अधिकारी कर्नल टॉड यांनीही तिच्याविषयी लिहून ठेवले आहे. तिच्या जोडीला आटत गेलेले पाणी हेही गाव उठण्याचे कारण अभ्यासक देतात, आणि पडलेल्या छतांवरून काही भूवैज्ञानिकांनी भूकंपाचीही शक्यता मांडली आहे.

मला स्वतःला गाव उठले कसे, यापेक्षा ते इतकी शतके टिकले कसे, हा प्रश्न मोठा वाटतो. वर्षाला २०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या मुलखात पालीवालांनी गहू आणि हरभरा पिकवला, तो खडीन पद्धतीने. खडकाळ उतारावरून वाहून येणारे पावसाचे पाणी सखल जमिनीत मातीचा लांब बांध घालून अडवायचे, जास्तीचे पाणी सांडव्यावाटे पुढे सोडायचे आणि साचलेले पाणी जिरले की त्याच ओलीवर रब्बीची पेरणी करायची. मग त्या पिकाला वरून पाणी द्यावे लागत नसे. उतार कुठून कुठे जातो आणि खाली पाणी धरणारा थर कुठे आहे, हे ज्याला कळते त्यालाच असा बांध घालता येतो.

गावातली काही घरे अलीकडे पुन्हा बांधून काढली आहेत. पर्यटकाला त्यांतून जुन्या घराची कल्पना येते, पण माझ्या मते जपण्याच्या यादीत भिंतींइतकेच हे बांधही हवेत. पालीवाल गेले तरी खडिने त्यांच्याबरोबर गेली नाहीत; जैसलमेर जिल्ह्यात आजही पावसाळ्यानंतर खडिनांत पाणी जिरते आणि त्या ओलीवर शेतकरी गहू-हरभरा पेरतात.