कॅबिनेट उघडणार कोण?

नमस्कार श्रोतेहो.

गेल्या वर्षी चवथीला बहिणीकडे म्हार्दोळला गेलो होतो. आरत्या झाल्या, पंचखाद्य हातावर पडलं, आणि भाच्याने मला पडवीत गाठलं. फर्मागुढीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात त्याला नुकताच प्रवेश मिळाला होता. "मामा, कॉम्प्युटर घ्यायचाय. डेस्कटॉपच. बाबा म्हणतात रेडीमेड घे, मी म्हणतो सुटे भाग आणून घरीच जोडूया. तू सांग." भावोजी सोवळ्यातच बाहेर आले. "हो, तुम्हीच सांगा त्याला. उद्या बंद पडला तर धरायचं कुणाला?"

दोघांना वाटलं, मी आता किमतीचा हिशेब मांडणार. मी उलट त्यांनाच विचारलं, "ऐन जुलैत, वीज जा-ये करत असताना हा डबा, म्हणजे कॅबिनेट, बंद पडला, तर तो उघडणार कोण?" गोव्यात राहणाऱ्या माणसाने डेस्कटॉप घेताना हा प्रश्न आधी विचारावा, किंमत नंतर, असं माझं जुनं मत आहे. डिचोलीत तीसेक वर्षं मुलांना संगणक शिकवता शिकवता ते पक्कं झालंय.

डबा म्हटलं, कारण त्याला आपण सगळेच 'सीपीयू' म्हणतो. खरा सीपीयू म्हणजे प्रोसेसर, सगळी आकडेमोड करणारा, काड्यापेटीएवढाच चौकोन. पण "सीपीयू टेबलाखाली ठेवलाय" हे वाक्य आता मराठीत इतकं मुरलंय की मीही सुधारायचं सोडून दिलं.

सुटे भाग आणून संगणक जोडता येतो, हे आज कुणाला नवल वाटत नाही. वाटायला हवं. फ्रीज कुणी घरी जोडत नाही. १९८१ च्या ऑगस्टमध्ये आयबीएमने पीसी बाजारात आणला, तेव्हा कंपनीला घाई होती. म्हणून प्रोसेसर इंटेलचा घेतला, डॉस ही कार्यप्रणाली मायक्रोसॉफ्टकडून, बाकीचा मालही बराचसा बाजारातला, आणि यंत्राची रचना पुस्तक काढून जाहीर करून टाकली. आयबीएमचा खास असा बायोस, म्हणजे यंत्र सुरू होताना आधी चालणारा प्रोग्राम, तेवढा राहिला. तोही कॉम्पॅकसारख्या कंपन्यांनी नक्कल न करता, स्वतः नव्याने लिहून बनवला, आणि आयबीएमशी जुळणारी यंत्रं कुणीही काढू लागलं. पुढे १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स हे माप ठरवलं: मदरबोर्ड, म्हणजे सगळे भाग जिच्यावर बसतात ती पाटी, एवढी, स्क्रूची भोकं इथे, वीज देणारी जोडणी अशी. म्हणून आज म्हापशात घेतलेल्या कॅबिनेटमध्ये तैवानच्या कंपनीचा बोर्ड अलगद बसतो. मधे कुणाला सुतारकाम करावं लागत नाही.

आता रेडीमेडची बाजू. भावोजींचं म्हणणं चुकीचं नव्हतं. एक बिल, एक वॉरंटी, एक फोन नंबर, आणि विंडोज आधीच घातलेली, तीही रीतसर परवान्याची. दुकान, पतपेढी, पंचायतीचं कार्यालय, जिथे यंत्र बंद म्हणजे काम बंद, तिथे मी रेडीमेडच घ्या म्हणतो. फक्त दोन गोष्टी विचारून घ्या. वॉरंटी ऑनसाइट आहे का, म्हणजे माणूस आपल्या दारात येणार, की आपण डबा डोक्यावर घेऊन पणजीला जायचं? आणि आतला एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारी पेटी, बाजारात मिळते त्या मापाची आहे का?

हा दुसरा प्रश्न विक्रेत्यांना आवडत नाही. डिचोलीत माझे एक स्नेही झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान चालवतात. एका मोठ्या कंपनीचा सुबक, बारीकसा डेस्कटॉप त्यांनी घेतला. वॉरंटी एका वर्षाची, ती संपल्यावर दुसऱ्याच पावसाळ्यात एसएमपीएस उडाला. मी ऐटीत म्हटलं, "पेटी आणतो, अर्ध्या तासात चालू करून देतो." आणली, कॅबिनेट उघडलं, आणि गप्प बसलो. साध्या मदरबोर्डाला २४ पिनांची जोडणी असते. इथे त्या कंपनीची स्वतःचीच, वेगळ्या पिनांची. पेटीचा आकारही वेगळा, लांबुळका. मूळ भाग मागवला, तो यायला तीन आठवडे लागले. तोवर त्यांनी दाखल्यांचे अर्ज हाताने लिहून दिले. रेडीमेड सगळेच असे नसतात. पण दुकानात असताना बाजूचं झाकण उघडून दाखवायला सांगा. "उघडलं तर वॉरंटी जाते" म्हणाला तर त्यालाच उघडू दे. आत रॅमच्या, म्हणजे चालू कामापुरत्या स्मृतीच्या पट्टीच्या, दोन खाचा आहेत का, एक रिकामी आहे का, हेही तेवढ्यात दिसतं.

आपली हवा मात्र रेडीमेड बघत नाही की असेंबल्ड. जूनपासून सप्टेंबरपर्यंत आपल्याकडे चामड्याच्या चपलेला बुरशी येते, तिथे तांब्याच्या आणि निकेलच्या टोकांचं काय होत असेल? किनाऱ्याजवळ राहत असाल तर त्यात खारी हवा. आमच्या डिचोलीकडे तांबडी धूळ. खाणी जोरात होत्या तेव्हा मी पंख्याची जाळी धुवायचो, तर बादलीतलं पाणी कुळागरातल्या पाटासारखं लाल व्हायचं. म्हणून जाळी काढता येते असं कॅबिनेट घ्या, आणि पावसाळ्यात यंत्र रोज थोडा वेळ तरी चालवा. आतली ऊब दमटपणा हटवते. सुट्टीला म्हणून दोन महिने झाकून ठेवलेला संगणक रोज वापरातल्यापेक्षा लवकर रुसतो, हे मी पुष्कळदा पाहिलंय.

दुसरं, अर्थिंग. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येतात, अशी तक्रार घेऊन लोक येतात आणि संगणकाला दोष देतात. एसएमपीएसमध्ये विजेतला खरखराट गाळण्यासाठी दोन छोटे कपॅसिटर पत्र्याला जोडलेले असतात. अर्थिंग नीट असलं तर तिथली किंचित गळती जमिनीत जाते. नसलं तर पत्र्यावर साधारण अर्धा दाब, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास, तरंगत राहतो. प्रवाह अगदी थोडा, पण हाताला कळतो. आपल्याकडे घर चिऱ्याचं, खाली जांभा. एप्रिल-मेमध्ये तो कोरडा ठणठणीत पडतो आणि अर्थिंगचा खड्डा नावापुरता उरतो. तेव्हा नवा संगणक यायच्या आधी वायरमनला बोलवा. हा खर्च दोन्ही पर्यायांत सारखाच, आणि दोन्हींच्या बजेटात कुणी तो धरत नाही.

यूपीएस, म्हणजे वीज गेल्यावर थोडा वेळ तग धरणारी बॅटरीची पेटी, तीही तशीच. ६०० व्हीए लिहिलेला साधा यूपीएस म्हणजे सुमारे ३६० वॅट. साध्या डेस्कटॉपला पुरतो. खेळांसाठी दांडगं ग्राफिक्स कार्ड बसवलं की तो वीज जाताक्षणीच मान टाकतो.

आता जोडण्याची गोष्ट. माझी स्वतःची एक फजिती आधी सांगतो, म्हणजे पुढचं बोलायचा अधिकार मिळेल. काही वर्षांपूर्वी घरच्यासाठी नवा संगणक जोडला. प्रोसेसर घेताना दोन होते, नाव एकच, एकाच्या शेवटी 'एफ' हे अक्षर आणि किंमत थोडी कमी. मास्तर माणूस, स्वस्त बघितलं आणि उचललं. घरी सगळं जोडलं, बटण दाबलं, पंखे फिरले, दिवे लागले, पडदा काळा. रॅम काढून घातली, केबल बदलली, रात्रीचे बारा वाजले. मग खोक्यावरचा बारीक मजकूर वाचला. इंटेलच्या 'एफ' प्रोसेसरमध्ये चित्र दाखवणारा भागच चालू नसतो, वेगळं ग्राफिक्स कार्ड लागतं. ते मी घेतलंच नव्हतं. उघडलेला प्रोसेसर दुकानदार परत घेईना, आणि त्याचंही बरोबरच होतं. एका अक्षरात वाचवलेले पैसे जुनं कार्ड विकत घेण्यात गेले, वर बायकोचं हसणं फुकट.

स्वतः जोडताना खरी मेहनत यादी करण्यात असते. कुठला प्रोसेसर कुठल्या बोर्डावर बसतो, बोर्ड डीडीआर-४ रॅमचा की डीडीआर-५ चा, एसएमपीएस किती वॅटचा, कार्ड कॅबिनेटमध्ये लांबीला मावतं का. भाच्याने आठवडाभर वहीत याद्या केल्या आणि खोडल्या. मी एकच हट्ट धरला: एसएमपीएस नावाजलेला घ्यायचा. लोक प्रोसेसरवर पैसे ओततात आणि कॅबिनेटबरोबर फुकट मिळालेल्या पेटीवर सगळा संसार टांगतात. ती पेटी जाताना एकटी जात नाही.

माल आणला, आणि चवथीचा चौरंग आवरून झाल्यावर जेवणाच्या टेबलावर चादर अंथरून बसलो. परदेशी व्हिडिओत मनगटाला पट्टा बांधतात, तो भाच्याला हवा होता. म्हटलं, बाहेर पाऊस कोसळतोय, दमट हवेत अंगावर स्थिर वीज साठायला फारसा वाव नाही. अधूनमधून पत्र्याला हात लावत जा, पुरे. मग प्रोसेसर. कोपऱ्यातला छोटा त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळवायचा आणि सोडून द्यायचा. दाबायचा नाही, तो स्वतःच्या वजनाने बसतो. भाच्याचा श्वास अडकलेला. सॉकेटची तरफ खाली करताना करकर आवाज आला तसा तो दचकला. तो आवाज येतोच. वर थर्मल पेस्ट, म्हणजे उष्णता वाहून नेणारा लेप, वाटाण्याएवढी. रॅम दोन्ही बाजूंनी 'टक' म्हणेपर्यंत दाबायची, इथे मात्र घाबरायचं नाही. बहीण एवढा वेळ दारात उभी होती, ती म्हणाली, "मोदकाची पारीसुद्धा एवढ्या हळू कुणी दुमडत नाही रे."

शेवटी पुढच्या बटणाच्या त्या केसासारख्या चार-पाच वायरी राहिल्या. त्यांनी आमचा अर्धा तास खाल्ला. जिथे लावायच्या तिथली अक्षरं मुंगीएवढी, आणि माझा चष्मा डिचोलीला राहिलेला.

वॉरंटी हा असेंबल्डचा कमजोर धागा, हे भावोजींना मी आधीच कबूल केलं होतं. भाग पाच, तर वॉरंट्याही पाच. प्रोसेसरला साधारण तीन वर्षं, रॅमला बहुधा त्याहून जास्त, प्रत्येकाची मुदत निराळी. बिघाड कुठल्या भागात आहे हे आपणच शोधायचं, मग दुकानदार तो भाग पार्सल करून मुंबईला धाडणार. तेव्हा सगळी बिलं एका पाकिटात घालून ते कॅबिनेटच्या आतच चिकटवून ठेवा. विंडोजचा परवानाही वेगळा घ्यावा लागतो. चोरीची घालून देतो म्हणणारे भेटतील, तो विषय मी इथे वाढवत नाही. शिकणाऱ्या मुलाने विंडोजऐवजी लिनक्स घालून बघावी. फुकट आहे, आणि कायदेशीर.

आणि ज्यांच्या घरात आठवडाभर याद्या करणारं कुणी नाही, त्यांच्यासाठी गावातला असेंबल करून देणारा दुकानदार आहेच. त्याच्याकडून भागांची नावं लिहिलेलं बिल मागून घ्या. नुसतं 'कॉम्प्युटर सेट, नग एक' असं बिल दिलं तर पुढच्या दुकानात जा.

भाच्याचं नशीब थोर, त्याचा माल आधीच घेऊन झाला होता. गेल्या वर्षाच्या अखेरीस रॅमचे भाव भडकले, कारण चिप बनवणाऱ्या कारखान्यांनी माल एआयच्या डेटा सेंटरांकडे वळवला. अशा दिवसांत सुटे भाग स्वस्त पडतात हा जुना समज धरून बसू नका. जुन्या भावाने साठा केलेल्या दुकानात तयार यंत्रही स्वस्त निघू शकतं. त्याच सुमारास, ऑक्टोबर २०२५ मध्ये, मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नेहमीची देखभाल थांबवली. तेव्हा वापरलेला डेस्कटॉप घेणार असाल तर त्यावर विंडोज ११ चालते का, ते आधी तपासा.

परवा रात्री फोन आला. बाहेर गडगडाट, मागे बहिणीचा आवाज. "मामा, चालू होत नाही. पंखे फिरतायत, पण बोर्डावर एक पिवळा दिवा लागलाय, शेजारी डीरॅम असं लिहिलंय. बाबा म्हणतात, तरी मी सांगत होतो."

"स्विच बंद कर. वायर भिंतीतून काढ. घरात खोडरबर आहे? साधं, शाळेतलं?"

"आहे."

"रॅम बाहेर काढ. खालच्या सोनेरी पट्टीवरून हलक्या हाताने फिरव, दोन्ही बाजूंनी. चुरा झटक, परत बसव. टक वाजलं पाहिजे. मग फोन कर."

तासभर वाट पाहिली. फोन काही आला नाही. शेवटी मीच बहिणीला लावला, तर ती म्हणाली, "तो होय? केव्हाचा गेम खेळत बसलाय."