पेव म्हणजे नुसता खड्डा नव्हे

[दृश्य : हरिपूर, कृष्णा-वारणेचा संगम. मग माती लिंपून बंद केलेलं पेवाचं तोंड.]

सांगलीला लागून हरिपूर. इथल्या जमिनीत खोदलेल्या पेवांत सांगलीची हळद वर्षानुवर्षं मुरत पडायची. तोंड माणूस उतरेल एवढंच, पोट मात्र खोलीएवढं. पेव उघडलं की लगेच आत उतरायचं नाही, हवा कोंडलेली असते. आधी कंदील सोडायचा. विझला, तर थांबायचं. 2005 च्या महापुरात पाणी शिरलं, बरीच पेवं गेली.

[दृश्य : दुसरीचा वर्ग. बाईंच्या हातात उभं फोडलेलं गाडगं.]

हा शब्द दुसरीला शिकवायचा कसा? फोटो दाखवला तर जमिनीला पडलेलं भोक दिसतं आणि पोरं ‘पेव म्हणजे खड्डा’ असं धरून बसतात. पोट दिसायला हवं. म्हणून अर्धं गाडगं पारदर्शक डब्याच्या भिंतीला आतून टेकवायचं, बाकी जागेत माती दाबायची. माती नुसती दमट हवी. चिखल झाला तर फटीतून आत ओघळतो. वरून दहा-बारा हळकुंडं, तोंडावर खापरी, कडेनं लिंपण.

आतापर्यंत शब्द उच्चारलेला नाही. वस्तू मनात बसली की मग सांगायचं, “ह्याला म्हणतात पेव.”

[दृश्य : फळा. पेव, देव, शेव, ठेव.]

एका सुरात दहादा म्हणवून घेऊ नका. मागच्या बाकावरचा ‘पेय’ म्हणतोय, हे त्या गजरात कळत नाही. यमक जुळवायला लावा, शेवटचा ‘व’ आपोआप कानात बसतो. ‘समजलं का?’ हेही नको. ‘व्हय बाई’ ठरलेलंच असतं.

त्यापेक्षा विचारा : विहीर म्हणजे पेव का?

[दृश्य : मुलांचे चेहरे. इथे निवेदन थांबते.]

दोन्ही जमिनीत, दोन्ही खोल. मग कुणीतरी म्हणतं, हिरीत पाणी असतंय. ‘हिरीत’ला तिथं टोकायचं नाही. पुढचा प्रश्न कणगीचा : धान्य साठवते, पण जमिनीवर उभी. ह्या दोन नकारांतच शब्दाची हद्द आखली जाते. लिहायचं सगळ्यात शेवटी, तेही स्वतःच्या एका वाक्यात.

‘पेव फुटणं’ हा वाक्प्रचार दुसरीत नको. क्लासेसचं पेव फुटलंय, हे मोठ्यांनी म्हणावं.

दुसऱ्या दिवशी दोन मिनिटं, आठवड्यानं पुन्हा दोन मिनिटं, तोच डबा. दर वेळी सुरुवात मुलांनी करायची.

[दृश्य : सोमवार. लिंपण वाळून तडकलंय. एक बोट खापरी उचलतं.]