स्टेमची पकड: सामान लादलेल्या सायकलसाठी, कच्च्या रस्त्यासाठी

मंडळी, सायकलवर सामान लादून कच्च्या रस्त्यांनी लांब जायचं ठरलं की आपण टायरवर तासन् तास बोलतो, गिअरवर बोलतो, बॅगांवर तर वादच घालतो. स्टेमची, म्हणजे हँडल पुढच्या फोर्कला जोडणाऱ्या तुकड्याची, मात्र फक्त लांबी बघतो. हँडल थोडं जवळ आलं, थोडं वर आलं, की झालं काम. लांबी-उंचीबद्दल मी आज फारसं बोलणार नाही, ती तुमची पाठ आणि मनगटं तुम्हाला सांगतील. मला बोलायचंय ते पकडीबद्दल. स्टेमने एका टोकाला फोर्कची, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याची, नळी धरायची आणि दुसऱ्या टोकाला हँडल धरायचं, एवढंच त्याचं काम. पण ते सुटलं तर वळण, ब्रेक, तोल सगळंच एकदम हातातून जातं. म्हणून माझं म्हणणं असं, की दुकानातला सर्वांत जाडजूड स्टेम शोधू नका. ज्याची पकड डोळ्यांना दिसते, हाताने तपासता येते आणि खिशातल्या अ‍ॅलन कीने (षटकोनी चावीने) वाटेत पुन्हा आवळता येते, तो स्टेम घ्या.

या पकडीवर ताण किती येतो ते बघा. समजा हँडल 800 मिमी रुंद आहे. म्हणजे तुमचा हात मधोमधपासून 400 मिमी दूर. फोर्कची नळी बहुतेक सायकलींवर 28.6 मिमी व्यासाची असते, म्हणजे त्रिज्या 14.3 मिमी. पुढचं चाक दगडांच्या खाचेत अडकलं आणि तुम्ही हँडल ओढलंत, तर हाताचा जोर त्या नळीच्या पृष्ठभागावर जवळजवळ 28पट होऊन पोचतो. आणि तिथे ना खाच आहे, ना दात. नुसत्या घर्षणावर सगळं उभं आहे. हे एकदा लक्षात आलं की स्वच्छ नळी, बरोबर माप आणि बरोबर आवळलेला बोल्ट या तीन गोष्टींना मी एवढं का महत्त्व देतो ते कळेल.

मापाचं आधी. हँडलच्या मधल्या भागाचे व्यास साधारण चार: 25.4, 26, 31.8 आणि 35 मिमी. यातले पहिले दोन घात करतात. फरक जेमतेम 0.6 मिमीचा, डोळ्यांना दिसत नाही. 25.4चं हँडल 26च्या क्लॅम्पमध्ये, म्हणजे स्टेमच्या पकडीच्या कड्यात, सहज बसतं, बोल्टही आवळले जातात, आणि पहिल्या मोठ्या खड्ड्यात हँडल खाली फिरतं. उलट केलंत तर क्लॅम्पची पट्टी वाकडी ताणली जाते आणि तिला तडा जायची सोय होते. म्हणून व्हर्नियर कॅलिपरने मोजा. नवीनच घेत असाल तर 31.8 घ्या. हँडलची नळी जितकी जाड तितकी घर्षणाला लांब भुजा मिळते, 25.4च्या मानाने तेवढ्याच दाबात ही नळी फिरायला सुमारे 25 टक्के जास्त जोर लागतो. शिवाय या मापाचे सुटे भाग मिळायला सोपे.

हँडलकडची पट्टी, म्हणजे हँडलला समोरून दाबणारं झाकण, चार बोल्टांची असावी, यावर मी ठाम आहे. दोन बोल्टांचे चांगले स्टेमही आहेत, पण त्यातला एक बोल्ट तुटला तर हँडल हातात येतं. चारांतला एक गेला तर थांबायला, बघायला वेळ मिळतो. दुसरा फायदा असा की पट्टी अख्खी निघते, त्यामुळे ब्रेक लिव्हर, ग्रिप काही न काढता हँडल बाहेर येतं. जुन्या एक बोल्टच्या स्टेममधून हँडल सरकवत काढावं लागतं आणि त्यात नळीवर ओरखडे उठतात. अ‍ॅल्युमिनियमला ओरखडा म्हणजे तड्याची सुरुवात. वारंवारच्या धक्क्यांनी तो आतआत सरकत जातो, आणि बाहेरून हँडल नवं दिसत असतं.

बोल्ट स्टीलचेच. अ‍ॅल्युमिनियमचे रंगीत बोल्ट मिळतात, काही ग्रॅम वाचतात, आणि ते इथे मुळीच नकोत. बोल्टच्या डोक्यावर 8.8, 10.9, 12.9 असे आकडे असतात. आकडा मोठा तितकं पोलाद बळकट. गंजू नये म्हणून स्टेनलेसचे बोल्ट घालणारे पुष्कळ असतात. पण साधा ए2-70 जातीचा स्टेनलेस बोल्ट 12.9च्या मानाने बराच मऊ असतो. कंपनीने दिलेला बोल्ट तसाच ठेवा, आट्यांना ग्रीस लावा, पावसाळी प्रवासात बोल्टच्या डोक्याच्या खाचेतली माती कोरून काढा. चिखलाने भरलेल्या खाचेत अ‍ॅलन की अर्धीच बसते, घसरते, आणि डोकं गोल होऊन बसतं.

आवळण्याचं आता नीट ऐका, कारण चांगले स्टेम इथेच बिघडतात. एम5 (5 मिमी व्यासाच्या) बोल्टला बहुधा 5 ते 6 न्यूटन-मीटर, म्हणजे एवढा पिळण्याचा जोर, पुरतो, पण तुमच्या स्टेमवर जो आकडा छापलाय तोच खरा. हँडल कार्बनचं असेल तर हँडल आणि स्टेम यांतला कमी आकडा धरा, आणि मध्ये खरखरीत घर्षण पेस्ट लावा, ग्रीस नाही. धातूच्या हँडलची पकडीची जागा स्पिरिटने पुसून कोरडी करा. मग चारही बोल्ट हाताने लागतील तेवढे लावा आणि गाडीच्या चाकाचे नट आवळतो तसे समोरासमोरचे, थोडेथोडे आवळत जा. पट्टी आणि स्टेम यांच्यामधली फट वर-खाली, डावी-उजवीकडे सारखी दिसली पाहिजे. काही स्टेममध्ये वरची फट पूर्ण बंद करायची असते, ते त्याच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं. टॉर्क रेंच (पिळण्याचा जोर मोजणारा पाना) घरी वापरून हाताला तो जोर ओळखीचा करून घ्या, म्हणजे वाटेत छोट्या अ‍ॅलन कीने अंदाज चुकत नाही.

फोर्ककडच्या टोकाला एक गैरसमज फार रुजलाय. वरच्या टोपीचा बोल्ट स्टेम धरून ठेवतो असं लोकांना वाटतं. तो फक्त हेडसेटच्या, म्हणजे फोर्क ज्यावर फिरतो त्या सांध्याच्या, बेअरिंगमधला ढिलेपणा काढतो. स्टेम धरून ठेवतात ते बाजूचे दोन बोल्ट. म्हणून क्रम असा: बाजूचे ढिले करा, वरचा हलक्या हाताने आवळा, पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढेमागे हलवा, खडखड गेली की चाक आणि हँडल एका रेषेत आणा आणि मगच बाजूचे आवळा. बाजूचे घट्ट असताना वरचा कितीही पिळलात तरी ढिलेपणा जात नाही, फक्त आटे जातात. नळीचं टोक स्टेमच्या वरच्या काठापेक्षा 2-3 मिमी खाली असलं पाहिजे, नाहीतर टोपी स्टेमला दाबण्याऐवजी नळीवरच टेकते.

जुन्या पद्धतीचा, फोर्कच्या नळीच्या आत जाणारा आणि पाचर ओढून धरणारा स्टेम तुमच्याकडे असेल, तर तो टाकून द्या असं मी म्हणणार नाही. उंची बदलायला तो सोयीचा आहे. त्याच्यावर खोदलेली किमान खोलीची खूण मात्र कधीही बाहेर दिसता कामा नये, आणि आतला भाग ग्रीस लावूनच घाला. अ‍ॅल्युमिनियमचा स्टेम स्टीलच्या नळीत घाम-पाण्याने असा चिकटतो की करवतीशिवाय निघत नाही.

कोन बदलता येणाऱ्या सांध्याच्या स्टेमला मात्र माझा कच्च्या रस्त्यासाठी स्पष्ट नकार आहे. हँडलबॅगेत चार किलो सामान आणि खाली खडी, अशा स्थितीत तो सांधा एक जास्तीची ढिली होणारी जागा ठरतो. योग्य कोन सापडेपर्यंत घरी वापरा, आणि सापडला की त्याच मापाचा अखंड स्टेम घ्या. हँडलबॅगेचा वजनदार पट्टा स्टेमच्या पट्टीवरून जाऊ देऊ नका. बोल्ट झाकले गेले की तपासले जात नाहीत.

तपासायची एक साधी युक्ती आहे. स्टेम आणि हँडल यांच्या जोडावर, तसंच स्टेम आणि त्याखालच्या स्पेसरवर (उंचीसाठी घातलेल्या कड्यावर), रंगाच्या पेनाने आरपार एक बारीक रेघ ओढा. मुक्कामाला पोचलात की नजर टाका. रेघ तुटलेली दिसली तर पकड सरकली. मग चाक गुडघ्यांत धरून हँडल दोन्ही बाजूंना पिळा, नंतर टोकांवर वजन टाका. करकर आवाज आला तर आधी बोल्ट आवळू नका. पट्टी काढून पुसा, दिव्याच्या उजेडात बोल्टांच्या भोकांचे काठ आणि क्लॅम्पची कड बघा. केसाएवढी काळी रेघ कापडाने पुसली जात नसेल तर तो तडा आहे, आणि त्या स्टेमवर पुढचा उतार उतरायचा नाही.

पडल्यावर स्टेम तिरका झाला तर बरेच जण चाक पायांत धरून तो तसाच झटक्याने सरळ करतात. तसं करू नका. बाजूचे बोल्ट ढिले करा, रेषेत आणा, वरून खालून तडा बघा, पुन्हा पूर्ण क्रमाने आवळा. हँडल वाकलेलं असेल तर ते उलट वाकवून वापरू नका, बदला. सोबत तुमच्या स्टेमच्या मापाचे दोन जास्तीचे बोल्ट ठेवा. वजन नगण्य आणि जागा अंगठ्याएवढी.