डॉक्टरांचा संप आणि घाटीतली लाईन

छत्रपती संभाजीनगरचं सरकारी मेडिकल कॉलेज, म्हणजे आपली घाटी. जालना, बीड, परभणी, हिंगोली, पार बुलढाण्याहून लोक इथं येतात, पहाटेची एसटी धरून, मजुरी बुडवून, भाकरी बांधून. मार्डचा, म्हणजे निवासी डॉक्टरांच्या संघटनेचा, संप असला की हे त्यांना केसपेपरच्या खिडकीवर कळतं. इमर्जन्सी चालू, आयसीयू चालू, डिलिव्हरी चालू, हे खरंय. पण छातीतली गाठ दाखवायला आलेल्या मावशी कागदावर इमर्जन्सी नसतात ना, त्यांना तारीख मिळते पुढची आणि पुढच्या वेळी त्या येतीलच असं नाही.

आणि हे निवासी डॉक्टर तरी कोण, पंचवीस-सव्वीसची पोरं, सलग 24 तास, कधी 36 तास ड्युटी. वॉर्डात औषध नाही म्हणून चिठ्ठी लिहून द्यायची तीच, आणि नातेवाइकांचा हात उठतो तोही त्यांच्यावरच. डॉक्टरवरच्या हल्ल्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा असा कायदा राज्यात 2010 पासून आहे, तरी मार चालूच. जानेवारी 2023 च्या संपात मार्डची एक मोठी मागणी होती वरिष्ठ निवासी डॉक्टरांची 1432 पदं निर्माण करा, म्हणजे माणसं वाढवा, ती पेशंटसाठीच ना? त्याच वर्षी ऑक्टोबरच्या सुरुवातीला नांदेडच्या सरकारी दवाखान्यात 24 तासांत 24 जण गेले, त्यात 12 नवजात बाळं. आणि तिथं खासदारानं डीनच्या हातात संडास साफ करायला झाडू दिला! तेव्हा लई संताप आला होता, अजूनही येतो.

म्हणून संप करूच नये असं मी म्हणणार नाही. पण ओपीडी बंद पडली तर मंत्र्याचं काही अडत नाही, त्यांना खासगी दवाखाने आहेत, अडतं ते हिंगोलीच्या माणसाचं. ऑगस्ट 2024 मध्ये कोलकात्यात आर. जी. कर हॉस्पिटलात ड्युटीवरच्या डॉक्टर पोरीवर बलात्कार करून तिचा खून झाला, तिथल्या ज्युनिअर डॉक्टरांनी काम बंद ठेवलं पण तिला दिलेल्या नावानं अभया क्लिनिक काढून रस्त्यावर पेशंट तपासले, दिल्लीत एम्सच्या निवासी डॉक्टरांनी निर्माण भवनासमोर, म्हणजे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या दारात, ओपीडी मांडली. घाटीच्या गेटवर हे का होऊ नये? मांडव टाका, बॅनर लावा आणि तिथंच पेशंट बघा, सरकारला दिसू द्या.

आणि मागण्यांसाठीचा संप तर आधी ठरलेला असतो, त्याची नोटीस डीनला जाते, मंत्रालयात जाते. तीच आशाताईंच्या व्हॉट्सॲपवर, गावच्या आरोग्य केंद्राच्या फळ्यावर चार दिवस आधी गेली तर निदान एसटीचं भाडं तरी वाचेल.