कस्पमधून परत येणारी लाट: स्कॅटरिंग निश्चयकाचं सूत्र, मसाविच्या वाटेनं

नमस्कार मंडळी! आज आधी सूत्र, मग गोष्ट.

(स्क्रीनवर: फाय(एस) = √पाय × गॅमा(एस − १/२) ÷ गॅमा(एस) × झीटा(२एस − १) ÷ झीटा(२एस))

हा मॉड्युलर ग्रुपचा स्कॅटरिंग डिटर्मिनंट, म्हणजेच निश्चयक. हा ग्रुप आणि ही लाट काय, ते पुढे येईलच. गॅमाकडे तूर्त काणाडोळा करा, तो असल्या गणितात कुठेही टपकतो. प्रश्न झीटाचा आहे. रीमानचं झीटा फंक्शन, मूळ संख्यांशी ज्याचं नातं, ते लाटांच्या गणितात शिरलं कुठून? मला विचाराल तर या विषयातली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच, आणि ती दाखवायला सहावीतला मसावि पुरतो.

आधी जागा बघू. एक्स-अक्षाच्या वरचं अर्धं प्रतल घ्या, आणि त्यात अंतर मोजताना उंचीनं, म्हणजे वायनं, भागा. झाली हायपरबोलिक भूमिती. आता ए, बी, सी, डी हे पूर्णांक असलेल्या आणि एडी − बीसी = १ पाळणाऱ्या मॅट्रिक्स घ्या. त्या झेड या बिंदूला (ए×झेड + बी) ÷ (सी×झेड + डी) इथे नेतात. एकमेकांवर जाणारे सगळे बिंदू एकच मानले की एक पृष्ठभाग हाती येतो. क्षेत्रफळ फक्त पाय/३, पण एक टोक निमुळतं होत होत अनंतापर्यंत गेलेलं. त्या टोकाला म्हणतात कस्प. असं गठ्ठ्यागठ्ठ्यानं बिंदू हलवणाऱ्या, पण कुठेही दाटी न करणाऱ्या ग्रुपना फुक्सियन ग्रुप म्हणतात. वरच्या मॅट्रिक्सचा ग्रुप म्हणजे मॉड्युलर ग्रुप, त्यातला सगळ्यात लाडका.

विहिरीत हाक मारली की आवाज परत येतो, आणि येताना विहिरीचा आकार सांगून जातो. इथेही तसंच. कस्पमधून 'वायचा एस-वा घात' ही लाट आत सोडायची. परत येते ती 'वायचा (१ − एस)-वा घात', आणि तिला एक गुणक लागलेला असतो. तो गुणक म्हणजे फाय(एस). आत जाणारी आणि बाहेर येणारी लाट मिळून जे फंक्शन बनतं, ते आयझेनस्टाइन श्रेणी.

ती श्रेणी उलगडली की गॅमाचा तुकडा एका इंटिग्रलमधून पडतो आणि उरते एक मोजणी: मॅट्रिक्सची खालची ओळ (सी, डी) किती प्रकारे येऊ शकते? एडी − बीसी = १ हवं, म्हणजे सी आणि डी यांचा मसावि १ हवा. बस्स, एवढीच अट. सी ठरवा आणि १ ते सी मधले चालणारे डी मोजा.

(बोर्डावर लिहीत) सी १, तर एक. सी २, तर एक. ३ ला दोन. ४ ला दोन, कारण १ आणि ३ चालतात. ५ ला चार. ६ ला फक्त दोन: १ आणि ५.

ओळखलंत? हे ऑयलरचं टोशंट फंक्शन. आता प्रत्येक आकड्याला सीच्या २एस-व्या घातानं भागा आणि बेरीज करा. ऑयलरच्या काळापासून माहीत असलेल्या हिशोबानं ती बेरीज येते झीटा(२एस − १) भागिले झीटा(२एस). म्हणजे झीटा बाहेरून आणून चिकटवलेलं नाही, ते मसाविच्या अटीतूनच आलंय.

मग निश्चयक कशाला? कस्प एकापेक्षा जास्त असले तर. एका कस्पमधून सोडलेली लाट सगळ्यांतून थोडी थोडी बाहेर येते, म्हणून गुणकांचं मॅट्रिक्स होतं. दहावीत क्रेमरच्या पद्धतीला वापरला तोच हा निश्चयक.

उदाहरणाला पी ही मूळ संख्या घ्या आणि ज्या मॅट्रिक्समध्ये सीला पीनं भाग जातो तेवढ्याच ठेवा. कस्प होतात दोन: एक अनंताकडे, एक शून्याकडे. अनंतातून निघून अनंतात परतणाऱ्या लाटेसाठी मघाचीच बेरीज करायची, फक्त पीच्या पटीतले सी घेऊन. फाय(एस)ला गुणक लागतो (पी − १) ÷ (पी^(२एस) − १). एका कस्पमधून निघून दुसऱ्यातून बाहेर येणाऱ्या लाटेच्या जागी पी − १ च्या ऐवजी पी^एस − पी^(१−एस) बसतं. आता निश्चयक काढा, वर्गांची वजाबाकी करा, आणि सगळं छान आवरतं:

(स्क्रीनवर: निश्चयक = फाय(एस)² × (पी^(२−२एस) − १) ÷ (पी^(२एस) − १))

इथे दोन मिनिटं थांबा. एस = १ ला फाय(एस)ला पोल आहे, म्हणजे तिथे त्याची किंमत अनंताकडे उसळते, म्हणून त्याच्या वर्गाला दुहेरी पोल. पण शेजारचा कंस बरोबर तिथेच शून्य होतो आणि एक पोल खातो. उरतो साधा पोल. असायलाच हवा, कारण पृष्ठभाग एकच आणि त्यावरचं स्थिर फंक्शनही एकच. शिवाय एसच्या जागी १ − एस घाला: दोन्ही कंस अदलाबदल करतात, फाय(एस) आणि फाय(१ − एस) यांचा गुणाकार १ असतोच, म्हणून निश्चयकाचाही १. सूत्र लिहून काढलं की या दोन चाचण्या आधी लावाव्यात. अशा कॉंग्रुअन्स ग्रुपांचे निश्चयक मार्टिन हक्सली यांनी १९८४ मध्ये सविस्तर दिले.

आता पोल. झीटा(२एस) छेदात आहे, म्हणजे झीटाच्या प्रत्येक अवघड शून्याच्या (ऋण सम संख्यांवरची सोपी शून्यं सोडून उरलेल्यांच्या) निम्म्यावर पोल. पहिलं शून्य १/२ + १४.१३आय, म्हणून पोल १/४ + ७.०७आय जवळ. रीमानचं गृहीतक सांगतं की ही अवघड शून्यं सगळी १/२ च्या रेषेवर आहेत. म्हणजे मग काय? मॉड्युलर पृष्ठभागावरचे हे सगळे पोल १/४ च्या रेषेवर आहेत, एवढंच! फदेयेव आणि पावलोव यांनी १९७२ मध्ये हे स्कॅटरिंगच्या भाषेत मांडलं. गृहीतक त्यानं सुटलं नाही, हे सांगायला नकोच.

सूत्राचा खरा उपयोग वेगळाच. या पृष्ठभागावर काही लाटा कस्पमधून निसटतच नाहीत, आतच राहतात. त्यांना कस्प फॉर्म म्हणतात. सेल्बर्ग या गणितज्ञाच्या ट्रेस फॉर्म्युल्यातून (पृष्ठभागावरच्या लाटांना त्याच्या भूमितीशी जोडणाऱ्या सूत्रातून) निघतं की टी या वारंवारतेपर्यंतचे कस्प फॉर्म आणि निश्चयकाच्या फेज बदलाचा (परतणाऱ्या लाटेची लय किती सरकते, त्याचा) वाटा, दोन्ही मिळून साधारण क्षेत्रफळ ÷ ४पाय × टी². (जाता जाता: सेल्बर्ग यांचा तो लेख १९५६ मध्ये 'जर्नल ऑफ द इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी'त आला, आणि त्याच वर्षी मुंबईत टीआयएफआरची (टाटा मूलभूत संशोधन संस्थेची) झीटा फंक्शन्सवरची परिषद झाली होती.) पण बेरजेतला कुणाचा वाटा किती, हे कसं कळणार? सूत्र हाती असेल तर कळतं. मॉड्युलर ग्रुपला फेजचा वाटा टी × लॉग टी एवढाच वाढतो, टी² पुढे किरकोळ. म्हणजे कस्प फॉर्म अनंत आणि भरपूर. पहिल्याची वारंवारता ९.५३.

आणि सूत्र नसेल तर? मॉड्युलर ग्रुपमध्ये झेडला झेड + १ वर नेणारी चाल असते. तिच्या जागी झेड + १.६१८… घ्या, सुवर्ण गुणोत्तर. हा हेके ग्रुप, पुन्हा एकच कस्प. पण कोणते सी येतात आणि किती वेळा, याला मसाविसारखा सरळ नियम नाही. ऑयलरची बेरीज बसत नाही, झीटाही येत नाही. आरशातली प्रतिमा उलट चिन्हाची असणारे कस्प फॉर्म सममितीमुळे तिथेही अनंत मिळतात, सम प्रकारचे, म्हणजे आरशातही चिन्ह न बदलणारे, मात्र सूत्राअभावी पकडता येत नाहीत. फिलिप्स आणि सारनाक यांनी १९८५ मध्ये अंदाज मांडला की सरसकट फुक्सियन ग्रुपांना कस्प फॉर्म फारसे नसतातच. एक कस्प असलेल्या हायपरबोलिक त्रिकोणांपुरतं, सम प्रकारासाठी, हिलेरे आणि जज यांनी २०१८ मध्ये सिद्ध केलं की बहुतेक त्रिकोणांना असा एकही नसतो. 'बहुतेक' म्हणजे जेनेरिक, थोडे अपवाद सोडून, बरं का. सुवर्ण गुणोत्तराचा नेमका त्रिकोण त्यात येतो का, हे ते प्रमेय सांगत नाही.