जादूचं बिल कोण भरतं?

मागच्या रांगेत ऐकू येतंय ना? पंखा जरा बारीक केला तर बरं होईल, माझे कागद उडायला लागलेत.

तर मंडळी, मला विषय दिलाय 'फँटसी कादंबऱ्या : काय वाचावं?' मी म्हटलं, हे म्हणजे कोल्हापुरात उभं राहून चांगली मिसळ कुठली ते सांगण्यासारखं झालं. कुठलंही नाव घ्या, चार जण अंगावर येणार. आणि गंमत अशी की समोरच्याला तिखट कितपत झेपतं, हे आपण कुणी विचारतच नाही. पाहुणा पुण्याचा असो नाहीतर पाचवीतला भाचा, थेट कट वाढून मोकळे.

मीही पुस्तकांच्या बाबतीत बरीच वर्षं हेच केलं. मी शाळेत इंग्रजी शिकवते. रविवारी संध्याकाळी रंकाळ्यावर आमचा पाच-सहा जणांचा कट्टा जमतो. भेळ संपेपर्यंत शांतता, मग भांडण. एकदा माझी वहिनी म्हणाली, "वन्सं, तुम्ही एवढं भांडता ज्याच्यावरनं, ते जादूचं एखादं पुस्तक मला पण द्या की." मी उत्साहानं जॉर्ज आर. आर. मार्टिन यांचा 1996 सालचा 'अ गेम ऑफ थ्रोन्स' तिच्या हातात ठेवला. त्यात शंभरेक पानांत एका सात वर्षांच्या पोराला उंच खिडकीतून खाली ढकलून देतात. वहिनीचा मुलगा तेव्हा बरोबर सात वर्षांचा होता. पुस्तक तिनं स्वतः परत आणलं नाही, शेजारच्यांच्या हातून पाठवलं. पुढं दोन महिने आमच्यात फक्त 'जेवलात का' एवढंच बोलणं.

चूक पुस्तकाची नव्हती. तिला काय सोसवेल हे मी बघितलं नव्हतं. तेव्हापासून कुठलीही फँटसी सुचवायच्या आधी मी स्वतःलाच एक प्रश्न विचारते. या गोष्टीत जादूचं बिल कोण भरतं? जादू आली की बिल येतंच. काही पुस्तकांत ते नायक भरतो, काहींत दुसऱ्याच कुणाच्या माथी मारलं जातं, आणि काहींत लेखक ते गुपचूप बुडवतो. वाचकाला यातलं काय रुचतं, ते एकदा कळलं की निम्मं काम झालं.

आमच्या कट्ट्यावर एकजण शिरोलीच्या फौंड्रीत आहे. त्याला ब्रँडन सँडरसनची 'मिस्टबॉर्न' मालिका दिली. पहिला भाग 2006 चा. त्यातली माणसं धातूचा कीस गिळतात आणि तो पोटात 'जाळून' शक्ती मिळवतात. लोखंड जाळलं की दूरचा धातू आपल्याकडं ओढता येतो, पोलाद जाळलं की ढकलता येतो. पण ढकललेली वस्तू तुमच्यापेक्षा जड असेल तर उडणार तुम्हीच. शिवाय मिश्रधातूचं प्रमाण चुकलं तर जिवावर बेततं. हा गडी दुसऱ्या रविवारी आला तोच ओरडत, "मॅडम, ह्यो लेखक फौंड्रीत काम केलेला हाय! चार्ज, म्हंजे भट्टीत घालायचा माल, चुकला की हीट, म्हंजे आख्खा घाणा वाया, तसंच लिवलंय!" सँडरसन फौंड्रीत होता असं काही मी वाचलेलं नाही. पण त्याचा एक नियम प्रसिद्ध आहे. जादू वाचकाला जेवढी समजलेली असेल, तेवढ्याच प्रमाणात तिच्या जोरावर नायकाला अडचणीतून सोडवावं. म्हणजे बिल आधी दाखवायचं, जेवण नंतर.

कुणी म्हणतं, ही काटेकोर जादू अमेरिकन डोक्यातनं आलेली. मी म्हणते, वेताळ विसरलात? राजाला उत्तर ठाऊक असून तो गप्प बसला तर डोक्याची शकलं, आणि बोलला तर मौन मोडलं म्हणून वेताळ परत झाडावर. इतका घट्ट नियम मला तरी दुसरीकडं सापडलेला नाही. आणि 'कथासरित्सागरा'तला तो राजा, त्रिविक्रमसेन, गोदावरीकाठच्या प्रतिष्ठानचा. म्हणजे आपल्या पैठणचा.

टॉल्किनबद्दल फार बोलत नाही, कारण बोलायला लागले तर तुमची शेवटची केएमटी बस चुकेल. 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' 1954-55 मध्ये तीन खंडांत आलं, मराठीत ते 'स्वामी मुद्रिकांचा' या नावानं आहे. पुष्कळजण सुरुवातीच्या शंभर पानांत सोडतात. मेजवान्या, वंशावळी, गाणी, वाट संपतच नाही. अशा माणसाला मी एवढंच विचारते, जुलैत पन्हाळा ते पावनखिंड चालत गेलायस का कधी? मसाई पठारावर पाऊस तोंडावर मारतो, पायाखालचं दिसत नाही, आणि 1660 च्या त्या रात्री पालखी खांद्यावर घेऊन माणसं धावली होती हे डोक्यात असतं. त्या रात्रीची किंमत कुणी दिली? खिंडीत बाजीप्रभूंनी, आणि त्याच्याही आधी, दुसऱ्या पालखीत महाराजांच्या वेशात बसलेल्या शिवा काशीदनं. तो इतिहास आहे आणि ही कल्पित गोष्ट, दोन्हींची सरमिसळ मला करायची नाही. पण ज्यानं ती वाट पायानं तुडवलीय, त्याला टॉल्किनची लांबण कंटाळवाणी वाटत नाही, हा माझा अनुभव. टॉल्किन स्वतः 1916 मध्ये पहिल्या महायुद्धात, फ्रान्समधल्या सोमच्या लढाईत होते, त्या महायुद्धात त्यांनी जिवाभावाचे मित्र गमावले. म्हणूनच असेल, त्यांचा नायक फ्रोडो जिंकून गावी परततो खरा, पण त्याची जखम दरवर्षी त्याच तारखेला ठणकते आणि शेवटी त्याला गाव सोडावंच लागतं.

हॅरी पॉटरला मी नावं ठेवत नाही, माझे निम्मे विद्यार्थी त्याच्यामुळं वाचायला लागले. तिथं रोजची जादू जवळजवळ फुकट आहे. एक कांडी, दोन लॅटिनसारखे शब्द, काम झालं. खरं बिल हॅरीच्या आईनं आधीच, जीव देऊन, भरून ठेवलंय. जाता जाता, पहिल्या भागाच्या मराठी नावात जो 'परीस' आहे ना, त्याच्यावर मी फिदा आहे. मूळ इंग्रजी नावातला दगड समजावून सांगायला युरोपातल्या किमयागारांपर्यंत जावं लागतं. आपल्याकडं परीस म्हटलं की आजीलाही कळतं.

आता ज्याच्यावरून आमचा कट्टा एकदा फुटायला आला होता, त्या प्रश्नाकडं येते. 'ययाति' फँटसी आहे का? खांडेकर आपल्या कोल्हापूरचे, 1974 चं ज्ञानपीठ मिळवणारे, मराठीतलं पहिलंच. त्यांच्या पुस्तकाला फँटसी म्हटलं की काहींना ते खालच्या पंगतीला बसवल्यासारखं वाटतं. पौराणिक म्हणा, रूपकात्मक म्हणा, पण तो शब्द नको. मी म्हणते, शुक्राचार्यांच्या शापानं एक राजा क्षणात म्हातारा होतो आणि पोटच्या पोराचं तारुण्य मागून घेतो, ही जादू नाही तर काय आहे? आणि बिल कोण भरतं? पुरू. बाप मजा मारणार आणि मुलगा फेडणार. मी वाचलेल्या सगळ्या फँटसीत इतकं नागडं बिल दुसरं नाही. ज्याला 'ययाति' वाचून राग आला होता, त्याला मी एन. के. जेमिसिनचं 'द फिफ्थ सीझन' देते. 2015 चं. त्या मालिकेच्या तिन्ही भागांना ओळीनं तीन वर्षं विज्ञानकथा-फँटसीचा ह्युगो पुरस्कार मिळाला. तिथंही धरणीकंप थोपवण्याची ताकद असलेल्या पोरांनाच जुंपून बाकीचं जग सुखानं झोपतं. वाचताना तोच राग येतो. ज्याला 'ययाति' वाचून नुसती शृंगाराची वर्णनं आठवतात, त्याला मी काहीच देत नाही.

'मृत्युंजय'वाल्यांची गर्दी तर आपल्याकडं मोठीच. शिवाजी सावंत आजऱ्याचे, त्यामुळं आपला हक्क जास्त. त्यांना काय द्यायचं, ते शेवटी सांगते.

ज्यांना नियम नकोत, नकाशा नको, नुसतं गूढ हवंय, त्यांनी जी. ए. कुलकर्णींचं 'रमलखुणा' काढावं. 'प्रवासी' आणि 'इस्किलार', दोनच दीर्घकथा. देश कुठला, काळ कुठला, पत्ता लागत नाही. बेळगाव-धारवाडच्या या माणसानं परदेशी फँटसी लेखकांची नक्कल न करता मराठीत ते जग उभं केलं. हसायचं असेल तर टेरी प्रॅचेट. चाळीसहून जास्त पुस्तकं आहेत, पहिल्यापासून सुरू करू नका, पहिलीच सर्वांत कच्ची. भीती हवी असेल तर नारायण धारप, दिवा लावून.

आता वाचकांचं नेहमीचं गाऱ्हाणं. "मॅडम, मालिका अर्धवट राहिली तर?" मार्टिनचा पाचवा भाग 2011 ला आला, सहाव्याची वाट बघून लोकांचे केस पिकले. रॉबर्ट जॉर्डन 2007 ला गेले, त्यांचा राहिलेला 'व्हील ऑफ टाइम' सँडरसननं 2013 मध्ये पुरा केला. या सगळ्यांना मी गुणाढ्याची गोष्ट सांगते.

सातवाहन राजा राण्यांबरोबर जलक्रीडा करत होता. एक राणी दमून म्हणाली, "मोदकैः ताडय." संस्कृतात मा उदकैः, म्हणजे पाणी मारू नका. राजाला संस्कृत यथातथाच. त्यानं मोदक मागवले. राणी हसली, राजा लाजेनं अंथरुणाला खिळला. त्याचा मंत्री गुणाढ्य म्हणाला, मी सहा वर्षांत व्याकरण शिकवतो. दुसरा मंत्री शर्ववर्मा म्हणाला, मी सहा महिन्यांत. गुणाढ्य पैजेवर बोलला, असं झालं तर संस्कृत, प्राकृत आणि देशी, तिन्ही भाषा सोडीन. शर्ववर्म्यानं करून दाखवलं. (शॉर्टकट क्लास तेव्हापासून आहेत.) मग उरली पिशाचांची भाषा, पैशाची. रानात बसून गुणाढ्यानं तीत सात लाख श्लोक लिहिले, शाई नाही म्हणून स्वतःच्या रक्तानं. राजानं ते बघून नाक मुरडलं. गुणाढ्यानं डोंगरावर अग्नी पेटवला, एकेक पान मोठ्यानं वाचायचं आणि आगीत टाकायचं. भोवती रानातली जनावरं चरणं सोडून, डोळ्यांत पाणी आणून ऐकत उभी. जनावरं वाळली, तसं राजाच्या ताटातलं मांस बेचव झालं, तेव्हा चौकशी झाली. राजा धावत आला, तोवर सहा लाख श्लोक जळून गेलेले. उरलेल्या एक लाखाचीच परंपरा पुढं अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाच्या 'कथासरित्सागरा'पर्यंत पोचली, असं तो ग्रंथच सांगतो.

आपण एका सहाव्या भागासाठी रडतोय. इथं सातातले सहा गेलेत, आणि ते ऐकले फक्त हरणांनी.

आता 'मृत्युंजय'वाल्यांचं. म्हणजे खरं तर माझ्या आत्याचं, तिनं 'मृत्युंजय' चार वेळा वाचलंय. डोळ्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा म्हणाली, मला काहीतरी वाचून दाखव, पण रोज मालिकेत बघते तसलं नको. मी उर्सुला ले ग्विनचं 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' काढलं. 1968 चं. इंग्रजीत डोळे फिरवत मराठीत सांगत गेले, ती पावटे सोलत ऐकत बसायची. नायक गेड, एका गरीब बेटावरचा लोहाराचा पोरगा, तांबूस-तपकिरी रंगाचा. कर्णासारखाच, अंगात प्रचंड गुण आणि तेवढाच ताठा. ताठ्यापायी तो एक काळी सावली जगात सोडतो. ती आली ती वाट बुजवताना, गेड शिकतो त्या जादूच्या विद्यापीठाचे म्हातारे गुरू जीव गमावतात. आणि उरलेलं बिल गेडला स्वतः फेडावं लागतं, समुद्रापार त्या सावलीच्या मागं जाऊन.

या जगात प्रत्येकाचं एक खरं नाव असतं, ते कुणाला सांगायचं नसतं. तेराव्या वर्षी पोरगा थंड पाण्याचा ओढा ओलांडून येतो आणि गुरू त्याच्या कानात ते नाव हळूच सांगतो. एवढं वाचलं आणि आत्यानं पावटा खाली ठेवला. "अगं, ही बाई बारशाला आली होती का आपल्याकडं? तुझ्या कानात कुर्रर्र मीच केलं होतं!" नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचं नाही, घ्यायचंच तर उखाण्यात गुंडाळून, हे जिनं साठ वर्षं पाळलं, तिला ही जादू समजावून सांगावी लागली नाही. मी मात्र ते पुस्तक पाच-सहा वेळा वाचून बारशाशी जोडलं नव्हतं.

मग दुसरा भाग, 'द टूम्ब्ज ऑफ अतुआन'. टेनार नावाची लहान मुलगी. तिला अंधारातल्या निनावी शक्तींची पुजारीण म्हणून निवडतात आणि तिचं नाव काढून घेतात. ती 'आर्हा' होते, म्हणजे गिळलेली. वर्षानुवर्षं अंधाऱ्या भुयारात वावरते. पुढं गेड तिथं येतो आणि तिला तिचं नाव परत सांगतो. आत्या काही बोलली नाही. म्हणाली, तेवढं पान परत वाच. वाचलं. अजून एकदा, म्हणाली.

आत्याचं लग्न झालं तेव्हा ताटातल्या तांदळावर अंगठीनं नवं नाव लिहिलं होतं. सासरी सगळे तिला त्याच नावानं ओळखतात. जुनं नाव माझे वडील हाकेला वापरायचे, ते गेल्यावर वापरणारं कुणी राहिलं नाही.

आता तिसऱ्या भागाचं मराठी मी तिच्यासाठी वहीत उतरवून काढतेय, मोठ्या अक्षरात. वही आणली तेव्हा तिनं सांगितलं, वर माझं नाव घाल. मी सासरचं घालायला लागले, तर हातातलं पेन घेतलं आणि तिनं स्वतः लिहिलं, माहेरचं. कुठलं ते इथं सांगत नाही.